वावटळीतलं वाळवण

"हवामानावर एक अक्षर बोलायचं नाही," ऊर्मिला म्हणाली.

आम्ही तिच्या वडिलांना आणायला विमानतळाकडे निघालो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर वीतभर वाढलेला मका होता आणि वर तेवढंच अफाट आभाळ. आयोवातल्या आमच्या त्या भागात याशिवाय पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"म्हणजे नेमकं काय बोलायचं नाही?" मी विचारलं.

"थंडीत इथं नाकातले केस गोठतात हे सांगायचं नाही. लिंबाएवढ्या गारा पडतात हे सांगायचं नाही. आणि टोर्नेडो हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. आबांना ही जागा आवडली पाहिजे. ऑगस्टपर्यंत त्यांनी आपणहून 'राहतो' म्हटलं पाहिजे."

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

"तर म्हणायचं, हवा छान आहे."

ज्या काउंटीत माणसं एकमेकांना नाव विचारायच्या आधी पावसाचं विचारतात, तिथं हवामानावर न बोलता तीन महिने काढायचे म्हणजे चेष्टा नव्हती. त्यातून मी हवामानाचा वेडा. पण तिचा आवाज असा होता की मी मान डोलावली आणि गाडी चालवत राहिलो.

ऊर्मिला त्या काउंटीतल्या एकुलत्या एका इस्पितळात डॉक्टर होती. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखी, फक्त माणसं काढून घेतलेली. मी मक्यापासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. प्यायचं नव्हे, गाड्यांत घालायचं. हे लगेच सांगून टाकलेलं बरं असतं. सासूबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिचे वडील, म्हणजे माझे मामा (सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात), कराडच्या घरात एकटे राहत होते. आदल्या मे महिन्यात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. मनगट मोडलं, कमरेला मार बसला, आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून ऊर्मिलेची झोप उडाली होती. रोज दोनदा ती कराडला फोन लावायची आणि तो लवकर उचलला गेला नाही की तिचा चेहरा पांढरा पडायचा. एकदा तिनं मला सरळ सांगितलं होतं, "आबा इथं राहिले नाहीत तर मी तिकडं जाणार, निरंजन. तू तुझं ठरव."

थोडक्यात, माझा संसार एका म्हाताऱ्याला आयोवाची हवा मानवते की नाही यावर टांगलेला होता आणि त्या हवेची तरफदारी माझ्याकडे आली होती.

माझ्या हवामानवेडाची हकीकत सांगायला हवी. इथं आलो त्या पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी गाडीच्या काचेवर बोटभर बर्फ बसलेला होता. शेजारीपाजारी खरडत होते. मला त्यांची कीव आली. मी पुण्याचं डोकं लावलं, न्हाणीतून बादलीभर कढत पाणी आणलं आणि ऐटीत काचेवर ओतलं. काच अशी काही तडकली की समोर राहणारा वेंडल नावाचा म्हातारा शेतकरी खोरं टाकून बघायला आला. तो काही बोलला नाही, पण पुढचे कित्येक महिने गावातली अनोळखी माणसं मला दुकानात गाठून काचेची चौकशी करत होती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो. हवामानाचा रेडिओ घेतला, तो संकट आलं की आपोआप किंचाळतो. तळघरात विजेऱ्या, पाणी, कोरडा खाऊ भरून ठेवला. पासपोर्ट, घराचे कागद आणि औषधं यांची एक लाल पिशवी तयार करून दारामागे टांगली. संकटात ती उचलायची आणि खाली पळायचं. दोन वर्षांत मी असा तज्ज्ञ झालो की जन्मभर इथं राहिलेल्या वेंडललाही मी ढगांची नावं सांगत असे. तो आदबीनं ऐकून घ्यायचा.

मामा उतरले ते ताठ मानेनं. एस.टी.च्या कराड आगारात त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी काढलेली. सगळा जन्म माइकवर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे ते साधं "चहा घ्या" म्हणाले तरी फलाट नंबर तीनवर लागल्यासारखं वाटायचं. सामानात त्यांनी जुन्या नऊवारी लुगड्यात गुंडाळलेला पितळी सोऱ्या आणला होता.

"मामा, एवढं जड कशाला आणलंत? चकलीचं यंत्र इथं मिळतं."

"असू द्या निरंजनराव. लागतो," ते म्हणाले आणि लुगड्याची घडी हातानं सारखी केली.

मी हवामानावर न बोलण्याचं वचन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाळलं. तो महिन्याचा पहिला बुधवार होता. त्या दिवशी गावचा भोंगा वाजवून बघतात. तो बरोबर बाराला वाजला तसे मामा खूश झाले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी त्यावर लावून घेतलं.

"नगरपालिका चांगली हाय हो तुमची. आमच्याकडं भोंगा हाय, पण वेळेचा भरवसा न्हाई."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, तो वेळेचा भोंगा नाही. टोर्नेडोचा आहे. एरवी वाजला तर सगळं टाकून तळघरात पळायचं." मग मी कागदावर चित्र काढून वारं कसं फिरतं, ढगाला शेपूट कसं फुटतं, ते घरं कशी उचलतं, हे सगळं रंगवून सांगितलं. रात्री ऊर्मिलेनं मला स्वयंपाकघरात गाठून जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

पुढच्या पंधरवड्यात रेडिओ दोनदा किंचाळला आणि दोन्ही वेळा मी मामांना तळघरात नेऊन बसवलं. एकदा तर त्यांच्या हातात अर्धा कप चहा होता. दोन्ही वेळा वर येऊन बघतो तर लख्ख ऊन आणि समोर वेंडल गवत कापतोय.

"इथं रोजच खाली बसायचं असतं व्हय?" मामांनी विचारलं.

"काळजी घेतलेली बरी, मामा."

"बरोबर हाय," ते म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला वेंडलचा आदबशीर भाव दिसला.

मग त्यांनी कुरडयांचं काढलं. शेजारच्या काउंटीत घोडागाडीतून हिंडणाऱ्या आमिश लोकांचं एक दुकान आहे, तिथं पोत्यात अख्खे गहू मिळाले. मामांनी ते दाण्यागणिक पारखून घेतले, इतके की दाढीवाला दुकानदार आपलेच गहू पुन्हा बघायला लागला. मग ते भिजत पडले. घरभर तो आंबूस वास सुटला. ऊर्मिला दारातून आली की डोळे मिटून उभी राहायची. तिच्या आईच्या हाताचा वास होता तो. मिक्सरमधून काढून, पिळून, चीक निवळून मामांनी तो शिजवला. मला ढवळायला उभं केलं. सारखं ढवळावं लागतं आणि थांबलं की गुठळी होते, माझी झालीच.

"ऊर्मीची आई असती तर उलथन्याचा मार बसला असता तुम्हाला," मामा प्रेमानं म्हणाले.

"एवढ्या कशाला करताय, मामा? आम्ही दोघंच माणसं."

"हुतील की खर्च," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, म्हातारा जायची तयारी करतोय. लेकीला वर्षाची बेगमी करून द्यायची आणि ऑगस्टात विमानात बसायचं. आईबाप निघताना असंच डबे भरून ठेवतात. मी हे ऊर्मिलेला सांगितलं नाही. सांगून काय, पुन्हा मलाच ऐकावं लागलं असतं.

तो शनिवार होता. ऊर्मिला इस्पितळात होती. गॅरेजपुढच्या तापलेल्या काँक्रीटवर मामांनी ते लुगडं दुहेरी करून लांबलचक अंथरलं आणि सकाळपासून सोऱ्यानं कुरडया घातल्या. ओळीनं, एकसारख्या, डेपोत गाड्या लावाव्यात तशा. दुपारपर्यंत वरून कडक झाल्या, पण हवा दमट असल्यानं पोटातून ओल्याच होत्या.

"ऊन हाय, पण कोकणातल्यासारखं. घाम सुटतोय, वाळत काय न्हाई," मामा कुरकुरले.

वारा पडला. पाखरं गप्प झाली. पश्चिमेला ढगांची भिंत चढत होती. मी आत रेडिओपाशी जाऊन बसलो आणि तो किंचाळायची वाट बघू लागलो. आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, दोनदा तोंडघशी पडल्यावर तिसऱ्यांदा खरंच काहीतरी व्हावं असं मला थोडं थोडं वाटत होतं.

रेडिओ आणि भोंगा एकदमच सुरू झाले. रेडिओवरचा माणूस आमच्या गावाचं नाव घेऊन सांगत होता की टोर्नेडो जमिनीला टेकला आहे आणि आमच्याकडे येतो आहे. मी लाल पिशवीकडे धावण्याऐवजी आधी खिडकीकडे धावलो. आभाळ हिरवं पडलं होतं, शेवाळ धरलेल्या हौदासारखं. समोर वेंडल कॉफीचा मग घेऊन ओसरीवर उभा होता. भोंगा वाजला की तिकडची माणसं आधी बाहेर येऊन बघतात. त्यांचा तो रिवाजच आहे. आणि मामा रस्त्याच्या कडेला उभे राहून घड्याळ बघत होते.

"आज शनिवार हाय," मी बाहेर पळत आलो तसे ते म्हणाले. "भोंगेवाला चुकला."

"मामा, आत चला! खरं आलंय!"

त्यांनी मान वर केली. पश्चिमेकडे पाहिलं. तो हिरवा रंग त्यांनाही दिसला असावा, कारण त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, सुटलो. पण ते घराकडे न येता उलटे धावले, लुगड्याकडे.

"मामा! तळघर!"

"वाळवण!" मामा ओरडले.

"जीव महत्त्वाचा की कुरडया?"

"अरे पकड की! पलीकडची दोन टोकं पकड! बघत काय उभा राहिलायस?"

तोवरच्या चार वर्षांत मामांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. मी कायम निरंजनराव, तुम्ही, बसा, घ्या. त्या "अरे"नं माझी सगळी तज्ज्ञता एका क्षणात गळून पडली. आमच्या घरीही ढग आले की आई अशीच ओरडायची आणि आम्ही सगळी भावंडं हातातलं टाकून गच्चीवर धावायचो. माझे पाय मला न विचारताच निघाले. मी पलीकडची दोन टोकं धरली, मामांनी अलीकडची. लुगडं उचललं. कुरडया मधोमध गोळा झाल्या आणि झोळी चांगली जड झाली.

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. एक माझ्या टकलावर बसली, एक मामांच्या खांद्यावर. मक्यापलीकडे, फार लांब नाही अशा जागी, ढगातून जमिनीपर्यंत एक करडा खांब उतरला होता आणि तो हलत होता. ज्याचं चित्र मी कागदावर काढून दाखवलं होतं ते समोर उभं होतं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून कुरडया वाहत होतो.

वेंडल ओसरीवरून ओरडला, "काय झालं? कुणाला लागलंय का?"

त्याला ते स्ट्रेचर वाटलं. मला काय सांगावं सुचेना. "हे खायचं आहे!" मी ओरडलो. त्यानं हातातला कॉफीचा मग कठड्यावर ठेवला आणि पहिल्यांदाच घाईनं घरात गेला.

गॅरेजमधून आत, तिथून जिन्यावर. मी पुढे, उलटा चालत, मामा वरच्या बाजूला. "सावकाश… डावीकडं घे… अजून घे… येऊ द्या, येऊ द्या…" मामा डेपोत गाडी मागं घेतल्यासारखे पुकारत होते. शेवटच्या पायरीवर मी पडलो. पण टोकं सोडली नाहीत. मामांनी वरचं दार ओढून घेतलं आणि त्याच वेळी दिवे गेले.

मग तो आवाज आला. लोक म्हणतात मालगाडीसारखा असतो. मला तसं काही वाटलं नाही. मला फक्त खूप भीती वाटली. मी मामांचा हात धरला होता. घर हाडं मोडल्यासारखं करकरलं, वर काहीतरी फुटलं आणि हळूहळू सगळं लांब गेलं.

तळघरात मिट्ट अंधार होता. मग मामांनी विचारलं, "विजेरी कुठाय?"

विजेरी फळीवर सापडली. लाल पिशवी मात्र वर दारामागेच टांगलेली राहिली होती. पासपोर्ट, कागद, औषधं सगळं वर, आणि खाली आम्ही दोघे आणि लुगडंभर कुरडया. मी मामांना हे सांगितलं. ते हसायला लागले. मग मीही. मामांनी एक अर्धओली कुरडई मोडून मला दिली. लहानपणी चोरून खायचो तशीच लागली, चिवट आणि आंबूस.

"मामा, पण खरंच," मी म्हणालो, "कुरडयांसाठी कुणी असं करतं? वर्षभर नसत्या खाल्ल्या तर काय झालं असतं?"

मामांनी विजेरी जमिनीवर ठेवली. "गेल्या उन्हाळ्यात मी न्हाणीत पडलो न्हवतो," ते म्हणाले. "ऊर्मीला सांगू नका."

"मग?"

"गच्चीत पडलो. ही गेल्यावर पहिलाच उन्हाळा. म्हटलं, घरात वाळवण झालं पायजे, तिनं कधी चुकवलं न्हाई. केलं एकट्यानं. संध्याकाळी वळीव आला. गेलो धावत. दोन टोकं धरली की पलीकडची दोन वाऱ्यावर उडायची. तिकडची धरली की इकडची. पस्तीस वर्षं पलीकडची टोकं तिनं धरली हुती, मला कधी ध्यानातच आलं न्हवतं. मी तसाच ओढाओढ करत बसलो आणि पाय घसरला. सगळं भिजलं. पडल्या पडल्या बघत हुतो."

मी पुन्हा त्यांचा हात धरला. वर जाईपर्यंत तो सोडला नाही.

वर गेलो तेव्हा पाऊस थांबत आला होता. आमच्या दोन खिडक्या फुटल्या होत्या. वेंडलच्या यंत्रांच्या शेडचं छप्पर पार मक्यात जाऊन पडलं होतं, पण तो धडधाकट होता आणि ओसरीवर आपला मग शोधत होता. वादळ गावाच्या कडेनं निघून गेलं होतं. माणूस कुणी गेलं नाही.

फोन बंद पडले होते. वाटेतली पडलेली झाडं चुकवत ऊर्मिला संध्याकाळी पोचली, इस्पितळातल्याच निळ्या कपड्यांत. गाडीचं दार उघडंच टाकून ती "आबा! आबा!" करत घरभर धावली आणि शेवटी जिन्यातून तळघरात आली. आम्ही खाली टेबलावर, खुर्च्यांवर, मिळेल तिथं कुरडया पसरून ठेवत होतो. फुटलेल्या बाजूला लावून ठेवायच्या आणि अख्ख्या वेगळ्या, असं मामांनी मला शिकवलं होतं. तिनं आधी वडिलांना चाचपून बघितलं, मग मला, आणि माझ्या डोक्यावरचं टेंगूळ दाबून बघितलं.

"आबा, माझं चुकलं," ती म्हणाली. "असल्या ठिकाणी मी तुम्हाला राहा म्हणत होते. मी उद्याच परतीचं तिकीट बघते. कराडच बरं. तिथं निदान घरं तरी उडत नाहीत."

तीन आठवडे मी ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते अशा रीतीनं, आणि तेही तिच्याच तोंडून, बुडत होतं. मी मामांकडे बघितलं. ते खाली मान घालून कुरडया लावत होते.

"एवढ्या कुरडया आम्ही दोघं कधी संपवणार?" ऊर्मिला डोळे पुसत म्हणाली. "थोड्या तुम्ही घेऊन जा बरोबर."

"दोघांच्या कुठं हायत त्या," मामा म्हणाले. "तिघांच्या धरून केल्यात."

ऊर्मिला तशीच उभी राहिली. मग ती त्या टेबलाला टेकून, कुरडयांवर वाकून हुंदके देऊन रडायला लागली.

मामांनी तिला खांद्याला धरून हळूच बाजूला घेतलं. "रडायचं असलं तर जरा लांब बस, ऊर्मे," ते म्हणाले. "आधीच ओल्या हायत त्या."